दारात राहिलेली अंगाई

दादाजींच्या बँडपार्टीत कागद बघून वाजवणारा माणूस एकच, नत्थूजी. बाकी सगळे कानावर चालायचे. ढोलवाला कानावर, ताशेवाला कानावर, आणि ज्यांच्या नावाची पार्टी ते दादाजी तर एकाच कानावर, कारण दुसरा कान ढोलाशेजारी उभं राहून राहून कधीचाच गेला होता.

नत्थूजीच्या क्लारनेटवर एक पितळी चिमटा बसवलेला असायचा. त्या चिमट्यात पाच रेघांचा कागद, आणि रेघांवर गाण्याचे काळे ठिपके, तारेवर चिमण्या बसाव्यात तसे. वरात नागपूरच्या महाल भागातून निघो की इतवारीतून, नत्थूजी त्या चिमण्यांवरून नजर हलवायचा नाही.

"नत्थ्या, समोर पाह्य गा! खड्डा आहे!" दादाजी बाजूने ओरडायचे.

"कागदात नाही लिहिला," नत्थूजी म्हणायचा, आणि एक पाय चिखलात घालूनही सूर सोडायचा नाही.

हे तो कामठीत शिकला होता. बाप छावणीतल्या घोड्यांना गवत पुरवायचा, आणि नत्थूजी तिथल्या गोऱ्या पलटणीच्या बँडची पितळ घासता घासता वाचायला शिकला. पलटणीचा नियम साधा होता. कवायतीत साहेबाने हात वर केला की बँड थांबायचा. हात खाली आला की जिथं थांबला तिथूनच पुढे. पुन्हा सुरुवातीपासून घेणाऱ्याच्या बोटांवर छडी. ती छडी नत्थूजीच्या बोटांत कायमची राहिली. नागपुरात येऊन, जिजाबाईशी लग्न करून, वच्छलाचा बाप होऊनसुद्धा त्याची बोटं पलटणीतलीच होती.

दुसरी मोठी लढाई लागली त्या साली, ऐन उन्हाळ्यात, सीताबर्डीवरच्या टॉकीजचा ओमप्रकाश दादाजींच्या दुकानात आला. दुकान म्हणजे भिंतीला टांगलेले बाजे आणि खाली एक सतरंजी. त्याने नत्थूजीच्या मांडीवर कागद ठेवले. जाड, गुळगुळीत, वरती रंगीत बगळी छापलेली.

"नत्थूजी, तुमच्याशिवाय हे कोन वाचनार? पिक्चरसोबत आलं. विलायतेचं गाणं."

"पिक्चरमध्ये गाते कोन?"

"ही." ओमप्रकाशने बगळीवर बोट ठेवलं.

सगळे हसले.

"हसता काय! पूरा पिक्चर चितारलेला आहे. एक बी माणूस नाही त्यात. हातानं काढलेली चित्रं, अन् ती चालतात, रडतात, गातात. ही बगळी आपल्या अंड्याले अंगाई म्हनते."

"अंड्याले?" दादाजींनी चांगला कान पुढे केला. "अजून निघालं बी नाही त्याले झोपवून राह्यली?"

"तेच तं पिक्चर आहे, दादाजी! तुम्ही बैलबंडीवर मोठी बगळी बसवा, गावभर फिरा, हे गाणं वाजवा. लोक आपोआप येतात."

नत्थूजीने क्लारनेट जोडलं. पहिल्या ओळीलाच दुकानातलं हसू थांबलं. गाणं सोपं होतं, पाळण्याच्या झोक्यासारखं पुढे-मागे जाणारं, पण प्रत्येक झोका जरा जास्तच लांब. परत येईल की नाही असं वाटायला लावणारा.

"चांगलं आहे," ढोलवाला म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण असं काहून वाटते, की कोनी तरी ऐकून राह्यलं?"

पहिल्या खेळाला बँडवाल्यांना बायकापोरांसकट फुकट बसवलं. अंधारात निळं पाणी हललं. पांढरी बगळी मान वळवून घरट्याकडे बघू लागली, आणि सहा वर्षांची वच्छला जिजाबाईच्या मांडीवर ताठ झाली. बगळी गायची तेव्हा तिची चोच माणसाच्या ओठांसारखी हलायची. चितारणाऱ्याने तिला ओठ दिले नव्हते, तरी हलायची. मग वादळ आलं. शेवटी अंडं फुटलं, पण बगळी तोवर परतली नव्हती. पिल्लू एकटंच, आणि वरून नुसतं गाणं.

जिजाबाईने पदराने डोळे पुसले. "मेले, लेकराइच्या पिक्चरमध्ये असं दाखवतात का?"

"माय," वच्छलाने विचारलं, "मंग त्याले झोपवलं कोनी?"

"कोनाले वं?"

"पिल्लाले. ती तं आलीच नाही."

नत्थूजी म्हणाला, "गाण्यानं झोपलं." वच्छलाला ते पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बंडी निघाली. बंडीवर कापडाची आणि बांबूची बगळी, तिच्या पंखाखाली हट्ट करून बसलेली वच्छला, मागे बँड. ऊन एवढं की बैलांच्या सावल्या त्यांच्या पोटाखालीच होत्या. सीताबर्डीवरून महालात येईपर्यंत दारंखिडक्या उघडत गेल्या, पोरं धावत आली. "बगळी आली वं! बगळी आली!" नत्थूजी नेहमीसारखा कागदात होता.

महालातल्या एका अरुंद गल्लीत ते शिरले, आणि समोरच्या घरातून मयत बाहेर आली.

दादाजींचा हात वर गेला. सगळे बाजे एकदम गप्प झाले. मयत आडवी आली की बाजा थांबतो, हे कुणाला सांगावं लागत नाही. बैल बाजूला घेतले. लोकांनी टोप्या काढल्या.

बाईची मयत होती. हिरवं लुगडं, हळदीकुंकवानं भरलेलं कपाळ, ओटी. वय काहीच नाही. कानांभोवती पांढरं फडकं बांधलेलं तसंच राहिलं होतं. ते पाहून गल्लीतल्या बाया कुजबुजल्या, "बाळंतीन होती वं. सव्वा महिना बी नाही झाला." आणि त्याच क्षणी घरातून, आत खूप आतून, तान्ह्या बाळाचं रडणं आलं. गल्लीत दुसरा आवाज नव्हता. बँडही नव्हता, त्यामुळे ते रडणं सगळ्यांना ऐकावंच लागलं. मयत गल्लीच्या टोकाला वळली तरी ते थांबलं नाही.

दादाजी हळूच म्हणाले, "चला. दुसरं काही तरी घ्या. गणपतीचं घ्या."

बँडवाल्यांचा जुना रिवाज होता. मयतीनं तुटलेली चीज, म्हणजे चालू गाणं, त्या दिवशी पुन्हा जोडायची नाही. ती तशीच सोडून द्यायची. लागलंच तर दुसऱ्या दिवशी, आंघोळ करून, अगदी सुरुवातीपासून.

पण दादाजींचा हात खाली येताना नत्थूजीला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. हात वर, थांब. हात खाली, पुढे. आणि चिमट्यातल्या कागदावर त्याची नजर अजून त्याच ठिपक्यावर होती, जिथं तो थांबला होता. बोटांनी विचारलं नाही. जिथं तुटलं होतं, नेमकं तिथूनच त्याने अंगाई पुढे नेली. क्लारनेट म्होरक्या, म्हणून बाकीचेही त्याच्यामागे गेले.

दादाजींनी डोळे मिटून घेतले.

"काय केलं गा नत्थ्या?" गल्ली संपल्यावर ते म्हणाले.

"काय झालं, दादाजी? कागदावरून गेलो."

"कागदावरून गेला." दादाजींनी बंडीकडे पाहिलं. बगळीच्या पंखाखाली वच्छला पाठमोरी झाली होती. ती मागे, त्या घराच्या दाराकडे बघत होती, आणि कुणी हाक मारल्यावर बघावं तशी बघत होती.

पहिले दोन-चार दिवस जिजाबाईला गंमतच वाटली. पोरगी दिवसभर गाणं गुणगुणायची. विलायती शब्द तर येत नव्हतेच, नुसता सूर, पण चोख.

"तुमच्यापेक्षा बरी वाजवते, पाहा," जिजाबाई नवऱ्याला म्हणाली. "अन् कागद बी लागत नाही तिले."

नत्थूजी हसत हसत जेवत होता, आणि हसता हसता थांबला. कारण वच्छला थांबली होती. गाण्याच्या मधोमध. कागदावर तिथं थांबा नव्हता. ती गप्प झाली होती, पण तिचे ओठ हलत होते. आवाजाशिवाय, अगदी शांतपणे, गाणं चालू असल्यासारखे. हात पुढे-मागे होत होता, जणू त्यात दोरी आहे. बराच वेळ. एखादी मयत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला लागतो तेवढा. मग तिचा आवाज परत आला, आणि गाणं पुढे गेलं, जिथं तुटलं होतं तिथून.

नत्थूजीच्या हातातला घास ताटात पडला.

त्यानंतर वच्छला दुपारची झोपेना. रात्रीही अर्धवट जागी. "बाळ झोपलं का?" असं विचारायची.

"कोनतं बाळ वं?"

"मागच्या खोलीतलं."

त्यांच्या घराला मागची खोलीच नव्हती. एक खोली आणि पुढे ओटा, एवढंच घर.

एके सकाळी ती चुलीपाशी येऊन बसली. तिने जिजाबाईचं जुनं पांढरं फडकं शोधून काढलं होतं आणि कानांवरून डोक्याभोवती घट्ट गुंडाळलं होतं. बाहेर भट्टीसारखं ऊन, आणि पोरगी थंडीतल्यासारखी अंग आवळून बसलेली.

"बाई," ती म्हणाली, "बाळंतशेपा आहे का? जेवन झालं तं खायले पाहिजे."

जिजाबाईला आधी वाटलं, पोरीने कुठं तरी बायांची बोलणी ऐकली आणि नकला करते आहे. तिने दटावलं, "बाई कोन म्हनते? माय म्हन."

वच्छलाने तिच्याकडे पाहिलं. नजर वाईट नव्हती. परक्या घरी आलेली सून जशी अदबीनं पाहते तशी होती, आणि तेच जिजाबाईला सहन झालं नाही. ती ओट्यावर येऊन नत्थूजीचा सदरा धरून रडली. "अहो, ते पोट्टं मले ओळखत नाही. हाक मारली तं 'वच्छला कोन' म्हनते. रोज थोडी थोडी चालली आहे ती. अशी एक दिवस पुरीच जाईन."

शेजारची रंभाबाई आली. बघून गेली. जाताना दारात म्हणाली, "बाहेरचं आहे, जिजा. पोळा झाला की मारबतीचा पुतळा जाळायले नेतात, त्याच्यासोबत हाकलून द्या. आमच्या दिराच्या पोराचं तसंच गेलं."

"पोळ्याले किती दिवस आहेत, वं! तोवर माही पोरगी राहीन का?"

नत्थूजीने आपल्याला येत होतं ते करून पाहिलं. भर दुपारी, दार लावून, तो वच्छलासमोर बसला आणि कागद चिमट्यात अडकवून अंगाई वाजवू लागला. गाणं मधे तुटलंय ना, मग अख्खं वाजवू, असा त्याचा साधा हिशोब. वच्छला ऐकत राहिली. डुलत राहिली. तो त्या ठिपक्यापाशी आला.

श्वास गेला नाही.

ओठ जागेवर, बोटं जागेवर, छाती भरलेली, पण क्लारनेटातून हवा जाईना. दुसऱ्या टोकाने कुणी तळहात ठेवावा तसं. नत्थूजीच्या कपाळाच्या शिरा फुगल्या. समोर वच्छलाचे ओठ हलत होते. ते हलायचे थांबले, आणि हवा मोकळी झाली. गाणं पुढच्या ठिपक्यावरून स्वतःच सुरू झालं.

त्याने कागद चिमट्यातून काढला. उलटा करून पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला. त्या जागेवर काहीच नव्हतं. छापलेले ठिपके होते, त्यांच्या मागेपुढे तेवढीच पांढरी जागा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कागदाची भीती वाटली, कारण कागद काहीच सांगत नव्हता.

तो तसाच अनवाणी दादाजींच्या दुकानात गेला.

"माहीत होतं मले," दादाजी म्हणाले. "रोज वाट पाहून राह्यलो, नत्थ्या कधी येते म्हनून."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगतो. त्या दिवशी बी सांगितलं होतं, गणपतीचं घ्या. तू ऐकलं का? तुले साहेबाचा हात दिसला, माहा नाही दिसला."

नत्थूजी खाली बसला. "ती वाईट बाई आहे का, दादाजी? लोक म्हनतात, बाळंतीन मेली की..."

"लोकाइचं सोड गा! तिचं लेकरू आत रडून राह्यलं होतं अन् तिले खांद्यावर उचलून नेऊन राह्यले होते. तेवढ्यात तू अंगाई धरली. अर्धी. तिच्या दारात." दादाजींनी सतरंजीवर हात आपटला. "कोनती माय थांबनार नाही, सांग मले? थांबली बिचारी. तुह्या अर्ध्या गाण्यात जागा होती, तिथी बसली. अन् गाण्याच्या सगळ्यात जवळ कोन होतं? तुही पोरगी."

"आता काय करू?"

"मी बाजेवाला आहे, मांत्रिक नाही. माह्या बापानं एवढंच सांगितलं होतं. चीज ज्याच्या दारात तुटली, त्याच्याच दारात पुरी करून द्यावी. सुरवातीपासून. अन् मधे जे थांबायचं असन, त्याले थांबू द्यावं." मग ते म्हणाले, "कागद इथीच ठेवून जाय."

नत्थूजीने चिमटा क्लारनेटवरून काढला. तिथली जागा गोरी पडली होती.

दुसऱ्या दिवशी, ऊन कलायच्या आधी, तो जिजाबाईला आणि वच्छलाला घेऊन महालात गेला. गल्ली रिकामी होती. सगळीकडे दारांवर ओल्या वाळ्याच्या टट्ट्या. त्याला घर नीट आठवत नव्हतं. पण विचारावं लागलं नाही. वच्छलाने त्याचं बोट सोडलं आणि ती सरळ चालत गेली, एका दाराशी थांबली, बाजूला काढलेल्या चपला नीट ओळीने लावल्या, आणि आत शिरली.

"अवं ए पोरी! कोन तू?" आतून आवाज आला. ती शोभाताई, घरधन्याची मोठी बहीण. डोळे सुजलेले, खांद्यावर दुधाचे डाग. तिच्यामागे घरधनी गणपतराव, डोक्यावरचे केस नुकतेच काढलेले.

नत्थूजी ओट्याखालीच हात जोडून उभा राहिला. "मी बाजेवाला. त्या दिवशी तुमच्या दारात..."

"ओळखलं." गणपतरावांची नजर त्याच्या काखेतल्या क्लारनेटवर गेली. "हे काय आनलं?"

"एक गाणं वाजवू द्या, मालक. एकच."

"सुतक आहे आमच्या घरी!" गणपतराव ओरडले. "माही बायको जाऊन धड तेरावा झाला नाही, अन् तुम्ही दारात बाजा वाजवता? त्या दिवशी वाजवला तेवढा पुरला नाही का? लाज नाही वाटत?"

"वाटते, मालक. म्हनूनच आलो. माही लेक..."

"चालते व्हा!"

आत बाळ रडत होतं. तेच रडणं, थकून बारीक झालेलं. आणि मग एकदम थांबलं.

शोभाताईने मान वळवली. दहा दिवसांत ते कुणाच्याही हातात थांबलं नव्हतं. सगळे मागच्या खोलीकडे धावले.

खोलीत पाळणा होता. वच्छला पाळण्याची दोरी धरून खाली बसली होती आणि अंगाई गात होती. कानांना पांढरं फडकं. बाळ टक लावून बघत होतं, पण वच्छलाकडे नाही. तिच्या डोक्याच्या जरा वर, मोठ्या बाईचा चेहरा असेल तिथं. अंगाई मधे तुटली. वच्छलाचे ओठ नुसते हलू लागले, आणि बाळ हसलं.

मग वच्छला मान न वळवता म्हणाली, "वन्सं, पाळणा इकडे काहून टांगला? दुपारचं ऊन डोळ्यावर येते बाळाच्या."

शोभाताईने पाळण्याच्या आढ्याकडे पाहिलं. या घरात तिला वन्सं म्हणणारी एकच बाई होती, प्रेमलता. आणि पाळणा खरंच प्रेमलता गेल्यावर, सुतकाच्या गर्दीत, दुसऱ्या आढ्याला टांगला होता.

जिजाबाई पाळण्यापाशी बसली. "माही पोरगी आहे हो ती," ती हात जोडून, कुणा एकाला नाही, सगळ्यांनाच म्हणाली. "तुमचं लेकरू तुमच्यापाशी आहे. माहं मले द्या."

शोभाताई भावाकडे न बघता म्हणाली, "गणपत, वाजवू दे त्याले."

"ताई, सुतक..."

"ती अजून गेलीच नाही, तं सुतक कोनाचं?"

नत्थूजीने क्लारनेट ओठांना लावलं. समोर कागद नव्हता. समोर पाळणा होता. त्याने सुरुवातीपासून घेतलं. झोका पुढे गेला, मागे आला. वच्छला त्याच्याबरोबर गाऊ लागली. उंबऱ्यात गणपतराव उभे होते, हाताची मूठ दाराच्या चौकटीवर.

ती जागा आली. श्वास अडला.

नत्थूजीची बोटं पुढच्या ठिपक्याकडे धावायला टपली होती. छडी आठवत होती. त्याने ओठ काढून घेतले. क्लारनेट मांडीवर आडवं ठेवलं, दोन्ही हात त्यावर ठेवले, आणि तो थांबला. मयत जाताना माणूस मान खाली घालून थांबतो तसा.

खोलीत काही नव्हतं. ऊन. पाळण्याच्या कडीची करकर.

मग अंगाई आली. विलायती नाही, आपली, कुठल्याही घरात म्हणतात तसली साधी, मधेच दमून श्वास घेणारी. पुढे जिजाबाई शपथेवर सांगायची की ती शोभाताई गायली. शोभाताई सांगायची की ती नत्थूजीची बायको गायली. वच्छलाचे ओठ तेव्हा मिटलेले होते, हे मात्र दोघींनी पाहिलं होतं. गणपतराव कुणाचं नाव घ्यायचे नाहीत. त्यांनी त्या वेळी चौकटीवरची मूठ सोडली आणि ते उंबऱ्यावर बसले. आवाज हळू होत गेला, झोप लागत आलेल्या लेकरापाशी आपण हळू होतो तसा, आणि संपला. तुटला नाही. संपला.

कडी करकरायची थांबली.

आता नत्थूजीने क्लारनेट उचललं. जिथं थांबला होता तिथून नाही. अगदी पहिल्या सुरापासून. आणि अंगाई शेवटापर्यंत गेली. त्या जागेवरून जाताना श्वास असा गेला जसा उघड्या दारातून वारा जातो.

बाळ झोपलं होतं. वच्छलाने कानांवरचं फडकं ओढून काढलं, मान खाजवली. घामानं तिचे केस चिकटले होते. तिने खोलीभर पाहिलं, अनोळखी माणसांना पाहून ती लाजली आणि जिजाबाईच्या कुशीत शिरली.

"माय," ती कानात म्हणाली, "हे कोनाचं घर आहे? मले भूक लागली ना."

जिजाबाईने तिला एवढं घट्ट धरलं की पोरगी ओरडली, "अवं सोड ना!" आणि शोभाताई, दहा दिवसांत पहिल्यांदा, हसली आणि हसता हसता रडू लागली. तिने त्यांना उपाशी जाऊ दिलं नाही. सुतकाच्या घरचं पाणी चालत नाही म्हणून शेजारणीकडून गूळ-फुटाणे आणवले.

निघताना नत्थूजीने विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवलं?"

"पोरगी आहे," गणपतराव म्हणाले. "तिच्या मायनं ठेवून दिलं होतं. चारुशीला."

वच्छलाला पुढे यातलं काहीच आठवत नव्हतं. बगळीचा पिक्चर आठवायचा, गाणं नाही. बापाने चार सूर वाजवून दाखवले तरी ती म्हणायची, "कुठलं आहे हे? चांगलं आहे." नत्थूजी लगेच क्लारनेट खाली ठेवायचा.

कागद त्याने ओमप्रकाशला परत केला. चिमटा पुन्हा क्लारनेटवर बसवला नाही. दादाजींनी एकदा छेडलंही. "काय गा, साहेब! आता कानावर का?"

"समोर पाहून राह्यलो," नत्थूजी म्हणाला. आणि मयत आडवी आली की सगळ्यांच्या आधी त्याचाच बाजा खाली व्हायचा. मग तो मान वर करून दादाजींच्या हाताकडे नाही, तोंडाकडे पाहायचा.

छाती मात्र त्याची खराब होत गेली. बाजेवाल्यांची जातेच. लढाई संपली, पण त्याचा खोकला संपला नाही. एका उन्हाळ्यात तो गेला. त्याला नेताना दादाजी स्वतः मयतीपुढे चालत होते, बाजा न घेता, आता उरलेल्या कानानेही कमी ऐकणारे. गंगाबाई घाटावरच्या स्मशानाकडे जायला महालातूनच वाट होती, आणि ती त्याच गल्लीतून गेली.

घाटावरून परतून दादाजी जिजाबाईच्या ओट्यावर टेकले. वच्छलाने त्यांच्यापुढे पाण्याचं भांडं धरलं. ते प्यायले नाहीत.

"जिजा, त्या गल्लीत एक पोट्टी बसली होती दारात. गणपतरावाची. असन सहा-सात वर्षांची. पायरीवर बसून गानं म्हनून राह्यली होती."

जिजाबाईच्या हातातला पदर थांबला. "कोनतं?"

"तेच. बगळीचं. तिले कोनी शिकवलं? त्या घरात कोनालेच येत नाही ते. मले आता ढोल ऐकू येत नाही, पण ते ऐकू आलं." दादाजींनी आपल्या चांगल्या कानाला हात लावला. "आमची मयत पाहिली अन् ती गप्प झाली. बरोब्बर त्याच जागी, जिजा. उठून उभी राह्यली. नत्थ्याले पुरा जाऊ दिला. आम्ही वळलो, तं मागून पुन्हा आवाज आला."

जिजाबाईने वच्छलाला जवळ ओढलं. बारा-तेरा वर्षांची झालेली पोरगी, बापासाठी रडून रडून थकलेली, तिच्या खांद्यावर निमूट टेकली.

"कुठून?" जिजाबाईने विचारलं. "कुठून म्हनलं तिनं, दादाजी? जिथं थांबली तिथून?"

"नाही," दादाजी म्हणाले. "सुरवातीपासून."

जिजाबाईने श्वास सोडला. नत्थूजी अर्ध्या गाण्यात अडकला नव्हता. मग वच्छलाच्या हातातलं भांडं घेऊन तिने दादाजींच्या पुढे धरलं.

"प्या मंग पानी."